ताईचं लॉगिन

केबलच्या ऑफिसातल्या मुलीने "ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांना फोन द्या" असं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी शांत होते. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून सगळे म्हणतात, तू आधीपासूनच पेटलेली असणार. मी पेटते, नाही असं नाही. कॉलेजच्या ऑफिसात माझ्या खिडकीशी येणारी मुलं आधी लांबून बघून घेतात की आज कोण बसलंय. पण त्या सकाळी मी अगदी गोड आवाजात बोलत होते.

"ती माझी मोठी बहीण आहे," मी म्हणाले. "तिला जन्मापासून ऐकू येत नाही. म्हणून तिच्या वतीने मी बोलतेय."

"ओके मॅडम, समजलं," मुलगी म्हणाली. "मग त्यांना लाइनवर घ्या ना."

मी फोन कानापासून लांब धरला आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिले. समोर ताई बसली होती. तिने भुवया उंचावून विचारलं, काय झालं? मी हातानेच सांगितलं, थांब जरा.

ताईचं बोलणं हातांचं आहे. इथे मी ते शब्दांत लिहिणार आहे, पण वाचताना तिचे हात आणि तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणा, कारण हातांनी ती जितकं खवचट बोलते तितकं मला तोंडाने जमलेलं नाही. तिच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खूण असते, तेच त्याचं नाव. दादाचं नाव मनगटावर दोन बोटं आपटून, कारण तो शाळेत असल्यापासून घड्याळ लावतो. माझं नाव म्हणजे बोटांची चोच करून तोंडापाशी उघडमीट. ते नाव मला कसं पडलं हे विचारायची गरज नाही.

ताई सातपूर कॉलनीत, आईवडिलांच्या मागे राहिलेल्या छोट्या घरात एकटी राहते. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिवणकाम शिकवून ती निवृत्त झाली. मी गंगापूर रोडला, म्हणजे स्कूटीवर जवळच. दादा आमच्यात सगळ्यात मोठा, तो पुण्याला. संध्याकाळ झाली की ताईच्या मोबाईलवर तिच्या मैत्रिणी आणि जुन्या विद्यार्थिनी व्हिडिओवर जमतात. एक निफाडची, मागे द्राक्षांचा मांडव दिसतो. एक सटाण्याकडे कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरात दिलेली. तिला दिवसभरात बोलायला कोणी नसतं, त्यामुळे संध्याकाळी तिचे हात थांबतच नाहीत. कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कुठल्या दुकानात कापड चांगलं, कोण जाड झालं, सगळ्या गप्पा. आपण फोनवर करतो त्याच. फरक एवढाच की आपलं नेट गेलं तरी आपल्याला फोन लावता येतो. त्यांचं नेट गेलं की सगळंच गेलं.

आणि नेट जायचं ते केबलवाल्याच्या एका पद्धतीमुळे. लाईट जाऊन परत आली की त्यांच्या डब्यावरचे दिवे लागायचे, पण नेट यायचं नाही. त्यासाठी पुन्हा लॉगिन करावं लागायचं. आणि ते लॉगिन, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड, ऑफिसने स्वतःकडेच ठेवलेलं. ग्राहकाने फोन करायचा, "आमचं चालू करा" म्हणायचं, मग ते तिकडून चालू करणार. कॉलनीत कोणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. एक फोन करायला असं काय लागतं? ताई मात्र दाराबाहेर पायरीवर यायची, कारण मोबाईलची रेंज घरात आली तर येते, हमखास धरते ती तेवढ्या जागेतच, आणि मला मेसेज टाकायची. मी कॉलेजातून ऑफिसला फोन करायची. मग ते चालू करायचे. शनिवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, त्या दिवशी तर हे ठरलेलंच होतं. पैसे आमचे, घर आमचं, आणि किल्ली मात्र त्यांच्याकडे. वर प्रत्येक वेळी उपकार केल्यासारखं "करतो करतो" म्हणायचे.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी ताईला ताप चढला. लाईट गेली, आली, नेट आलं नाही, आणि पायरीपर्यंत यायचं त्राण तिच्यात नव्हतं. मी परीक्षेच्या कामात बुडालेली. संध्याकाळी गप्पांमध्ये ताई दिसली नाही म्हणून निफाडच्या मैत्रिणीने मला मेसेज केला आणि मी धावत गेले. साधा ताप होता, गोळीने उतरला. पण दादाच्या कानावर गेलं आणि दादाने निकाल देऊन टाकला.

"आता बास," तो फोनवर म्हणाला. "तिला एकटं ठेवायचं नाही. इथे खोली तयार आहे. महिनाअखेरीला गाडी घेऊन येतो. तिला सांग तसं."

मी ताईला सांगितलं. ती बराच वेळ मशीनवरचं कापड नुसतं सरळ करत बसली. मग म्हणाली, "त्या खोलीत मी काय करू?"

ती एकदा पुण्याला राहून आली होती. घर मोठं, माणसं चांगली, सगळे तिला वाढायचे, हसायचे आणि आपापल्या कामाला जायचे. बॅग भरून ती ठरल्यापेक्षा लवकर परत आली. इथे तिचं मशीन आहे, भाव करताना बोटांनी भांडणारा भाजीवाला आहे, विहारात खांबाशेजारची तिची जागा आहे. "ताप कुणाला येत नाही?" ती म्हणाली. "नेट असतं तर मी तुला बोलावलं असतं." हे तर खरंच होतं. मी दादाला फोन लावला, भांडले, आणि कबूल करून घेतलं की लाईट आल्यावर नेट आपोआप येईल अशी सोय झाली तर गाडी आणायची नाही. "करून दाखव," दादा म्हणाला. ताईने कुठे राहायचं हे आता एका डब्यावर येऊन ठेपलं होतं.

मग मी राउटर आणला. दुकानदाराने समजावून सांगितलं की यात लॉगिन एकदाच भरायचं. मग लाईट कितीही वेळा जावो, आली की तो स्वतःहून लॉगिन करतो, कोणाला फोन नको की विनवणी नको. ताईने मशीनशेजारच्या टेबलावर त्याच्यासाठी जागा केली, खाली स्वतः शिवलेला रुमाल अंथरला. भिंतीतून आलेली केबलवाल्याची वायर आम्ही मागच्या निळ्या खाचेत खोचली आणि मोबाईलवर राउटरचं पान उघडलं. कनेक्शनचा प्रकार विचारला, तो दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे निवडला. मग दोन रिकाम्या चौकटी आल्या. युजरनेम आणि पासवर्ड. तिथे गाडी अडली, म्हणून ताईच्या मोबाईलवरून मी ऑफिसला तो फोन लावला होता.

"लाइनवर घेऊन काय करू?" मी त्या मुलीला विचारलं. "तिला तुमचं ऐकू येणार नाही."

"मॅडम, पासवर्ड फक्त कस्टमरलाच देता येतो. सिक्युरिटी असते ना. व्हॉइस कन्फर्मेशन लागतं, कॉल रेकॉर्ड होतो."

"तिच्याच नंबरवरून बोलतेय. आधार नंबर सांगते, जन्मतारीख सांगते, पत्ता सांगते. ती माझ्या समोर बसलीय."

"हो मॅडम, पण आवाज त्यांचाच पाहिजे."

"अहो, ती फोनवर बोलत नाही हेच तर मघापासून सांगतेय. म्हणजे बहिऱ्या माणसाने तुमचं नेट घ्यायचंच नाही का?"

"तसं नाही मॅडम, घेऊ शकतात," ती गोंधळून म्हणाली. मग, तिच्या मनात खरंच मदत करायचं असेल, जरा आवाज उतरवून म्हणाली, "असं करा ना. मी त्यांचं नाव विचारते. त्यांनी फक्त हो म्हणायचं. एवढं जमेल ना त्यांना?"

तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण महिनाअखेर जवळ येत होती. मी ताईला सांगितलं.

ताईला लहानपणी शाळेत बोलायला शिकवलं होतं. एक हात बाईंच्या गळ्यावर, एक स्वतःच्या गळ्यावर, आणि आ, बा, पा. बरोबर आलं नाही की परत. कंटाळून हातांनी बोलायला गेलं की हातावर पट्टी. मोठी झाल्यावर तिने तो आवाजच बंद करून टाकला. रिक्षात, दुकानात, दवाखान्यात कुठेच काढत नाही, कारण काढला की माणसं वळून बघतात. तिला आवाज ऐकू येत नाही, पण वळणाऱ्या माना दिसतात. मी तिचं हसणं रोज ऐकते. शब्द मात्र कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

ताईने फोनकडे पाहिलं. उठून खिडकी लावून घेतली. मग फोन तोंडासमोर धरला आणि माझ्याकडे बघत थांबली. मी स्पीकर लावला होता. पलीकडून प्रश्न आला, मी मान हलवली आणि ताई म्हणाली, "हो."

तो हो मोठा होता, घशातून ओढून आणलेला आणि शेवटी जरा चिरकलेला. मला स्वच्छ कळला. कोणालाही कळला असता.

"मॅडम," मुलगी म्हणाली, "आवाज क्लिअर येत नाहीये. परत एकदा सांगाल का त्यांना?"

मी फोन हिसकावून घेतला. त्यानंतर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. त्या मुलीच्या सिस्टीमचा, सिक्युरिटीचा आणि केबलच्या खांबाचा मी उद्धार केला. तिने फोन ठेवून दिला. ताई माझ्याकडे बघत होती.

"मी नीट म्हटलं नाही का?" तिने विचारलं.

"तू नीट म्हटलंस," मी म्हणाले. "बहिरी ती आहे."

एरवी या वाक्यावर ताई खो खो हसली असती. ती हसली नाही. तिने खिडकी उघडली आणि भांडी घासायला आत गेली.

रात्रभर माझं डोकं त्यातच होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर परत सातपूरला गेले. ताई स्वयंपाकघरात चहा टाकत होती, तिचा मोबाईल टेबलावर होता. मी तो उचलला आणि ऑफिसला लावला. या वेळी फोनवर पुरुषाचा आवाज आला. मी ताईचं नाव सांगितलं.

"आपणच बोलताय का?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "मीच बोलतेय."

झालं. त्याने जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, धन्यवाद मॅडम म्हणाला आणि युजरनेम, पासवर्ड सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितला. आदल्या दिवशी खऱ्या माणसाचा खरा हो चालला नाही आणि आज तोतयाचा चालला. आवाज बाईचा होता आणि स्वच्छ होता, एवढीच त्यांची सिक्युरिटी. मला संताप आला, पण त्याबरोबर आनंदही झाला. दोन्ही चौकटी भरल्या, सेव्ह दाबलं. राउटरवरचा नारिंगी दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि हिरवा झाला.

ताईला हाक मारायची म्हणजे खोलीतल्या दिव्याचं बटण खालीवर करायचं. मी ते दणादण केलं. ताई चहाचे कप घेऊन आली, हिरवा दिवा बघितला आणि कप ठेवून माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग विचारलं, "दिला कसा त्यांनी?"

मी रंगवून सांगितलं. तो काय म्हणाला, मी कसा आवाज लावला, कसा फसला. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की ताईचा चेहरा बदललाय. ती खाली वाकली आणि राउटरचा प्लग काढून टाकला.

"तू मी झालीस?" ती म्हणाली.

"अगं, काम झालं ना!"

"काल मी हो म्हणाले, ते चाललं नाही. आज माझ्या नावाने तू हो म्हणालीस, ते चाललं. आणि तू मला हसत हसत सांगतेस?"

"मग काय करायचं होतं? दादा गाडी घेऊन निघेल."

"बँकेत तू," ताईचे हात आता जोरात चालले होते. "दवाखान्यात तू. मी समोर बसलेली असते आणि डॉक्टर तुला विचारतो, यांना कुठे दुखतंय. रेशनला तू. आता माझ्या घरातल्या डब्यात पण तूच?"

मला फार राग आला. आजही तो पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. बँक, दवाखाना, रेशन, हे सगळे फेरे हौसेने मारले का मी? भर उन्हात स्कूटी घेऊन सातपूर-गंगापूर रोड कोण करतं? पुण्याशी भांडून मुदत कोणी घेतली? मी हे सगळं बोलले, हातांनी आणि तोंडानेही, कारण चिडले की मला दोन्ही लागतं. ताईने ते पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, "उद्या मी ऑफिसात जाते. तू येऊ नकोस."

"तिथे तुझं बोलणं कोणाला कळणार आहे?"

"ते त्यांचं बघतील. यायचंच असेल तर ये. पण बाहेर थांब."

ऑफिस म्हणजे बाजारातल्या मिठाईच्या दुकानाशेजारी एक काचेचं दार आणि आत एक काउंटर. ताईने दार उघडलं. काउंटरमागच्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "बोला ताई, काय काम हाय?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई वळली आणि तिने काचेचं दार माझ्या नाकासमोर लावून घेतलं.

मी बाहेर शेव-जिलबीच्या वासात उभी राहून बघत होते. तिने मोबाईलवर लिहिलेलं त्याच्यापुढे धरलं. काय लिहिलंय ते मला घरीच दाखवलं होतं. मी तुमची ग्राहक आहे, मला माझ्या कनेक्शनचं लॉगिन पाहिजे, मला ऐकू येत नाही, लिहून बोला. त्याने ते वाचलं, मान हलवली आणि लिहून बोलायच्या ऐवजी ओरडून बोलायला लागला. "फोनवर बोलावं लागतं! फोनवर! रेकॉर्ड लागतं!" काचेबाहेर मला ऐकू येत होतं, मिठाईवाल्याला येत होतं, जिला सांगायचं तिला सोडून सगळ्या बाजाराला ऐकू येत होतं. ताईने शांतपणे परत मोबाईल पुढे सरकवला, म्हणजे लिही. त्याने हात झटकला. ताईने पर्समधून आधार कार्ड काढलं आणि स्वतःच्या गालाला लावून धरलं. त्याने कार्ड बघितलं, तोंड बघितलं, परत कार्ड बघितलं. माणूस तोच, फोटो तोच, तरी तो म्हणतोय नाय.

काउंटरसमोर एकच खुर्ची होती. ताई तिच्यावर जाऊन बसली आणि पर्स मांडीवर घेतली. मागे दोघंतिघं ग्राहक येऊन उभे राहिले, त्यांना पुढे जाता येईना. एकजण मोठ्याने म्हणाला, "अहो, द्या ना मावशींना, काय अडवून धरलंय?" काउंटरवाल्याने आत जाऊन मालकाला आणलं. मालकाने ताईला बघितलं, कार्ड बघितलं, गर्दी बघितली, मान खाजवली. मग त्याने काउंटरवरचा फोन उचलला आणि नंबर फिरवला.

ताईच्या हातातला मोबाईल थरथरला. तिने स्क्रीन बघितली, मग मालकाकडे बघितलं. तो समोर उभा राहून स्वतःच्या फोनकडे बोट दाखवत होता आणि हाताने म्हणत होता, उचला, उचला.

ताईने फोन उचलला आणि कानाला लावला. तिला मी आयुष्यात पहिल्यांदा कानाला फोन लावलेलं बघितलं. तेवढ्यात आणखी एक गिऱ्हाईक दार ढकलून आत गेलं आणि दार अर्धं उघडं राहिलं, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"आपणच बोलताय का?" मालकाने फोनमध्ये विचारलं आणि ताईकडे बघितलं.

ताईने मान हलवली.

"कनेक्शन आपल्याच नावावर हाय का?"

ताईने परत मान हलवली.

"लॉगिन आपल्यालाच पाहिजे ना?"

ताईने जोरात मान हलवली.

"धन्यवाद मॅडम," मालक फोनमध्ये म्हणाला आणि फोन ठेवला. ताईनेही ठेवला. दोघांच्या मध्ये फक्त ते काउंटर होतं, त्याचा हात तिच्या खांद्याला लागला असता.

मला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण आता मला कोणी धरून ठेवलं असतं तरी मी थांबले नसते. मी आत घुसले. "अहो, त्या रेकॉर्डिंगमध्ये तर नुसता तुमचाच आवाज आहे!"

"ताई, सिस्टीमला कॉल पाहिजे," मालक म्हणाला. "कॉल झाला. नोंद झाली. त्यात काय हाय ते कोण ऐकतंय?"

"कोणीच ऐकत नाही?"

"नाय ओ. लय कॉल असतात. कोण बसतंय ऐकत?"

खिडकी लावून, फोन तोंडासमोर धरून ताईने काढलेला तो हो माझ्या कानात होता. तो क्लिअर नाही म्हणून परत पाठवला होता, आणि क्लिअर असता तरी कोणी ऐकणार नव्हतं. मी ऑफिसभर आवाज चढवून विचारलं की मग माझ्या बहिणीला तुम्ही कशाला बोलायला लावलंत, कोणासाठी बोलायला लावलंत? मालक म्हणाला, "ताई, मी कुठे लावलं?" आणि बिचारा खरंच बोलत होता. त्याने लावलं नव्हतं, मुलीने लावलं नव्हतं, सिस्टीमने लावलं होतं, आणि सिस्टीमला तोंडावर काही सुनवायची सोय नसते.

ताईला माझं ओरडणं दिसत होतं. तिने माझी ओढणी ओढली, बाजूला व्हायला सांगितलं, आणि काउंटरला वळसा घालून मालकाच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन उभी राहिली. खुणेने म्हणाली, नवीन पासवर्ड मी टाकणार. मालकाने मुकाट्याने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

परत येताना ती स्कूटीवर मागे हलत होती. मला वाटलं रडतेय. आरशात बघितलं तर हसत होती. घरी आल्यावर तिने मला मालक करून दाखवला. तोच भुवया वर, तोच फोन कानाला, तोच समोरच्या माणसाकडे बघून फोनमध्ये प्रश्न. तेव्हापासून त्याचं तिच्या भाषेतलं नाव तेच आहे, कानाला फोन आणि मान डोलवणं. संध्याकाळी मैत्रिणींना तिने मोबाईलच्या डेटावर, त्या पायरीवर बसून, तुटक तुटक चित्रात ही गोष्ट सांगितली. सटाण्याच्या बाईला इतकं हसू आलं की तिने फोनच उपडा टाकला.

पण त्याआधी राउटर. ताईने प्लग लावला, पान उघडलं, युजरनेम भरलं. पासवर्डच्या चौकटीशी आल्यावर तिने डावा तळहात आडवा धरला, माझ्यापासून. मी शेजारीच बसले होते.

"मला तरी सांगून ठेव," मी म्हणाले.

"तुला कशाला?"

"अडीनडीला."

"अडलं तर तुला बोलावीन," ताई म्हणाली. "त्यासाठीच तर हे चाललंय ना?"

पहिल्या वेळी एक अक्षर चुकलं, दिवा नारिंगीच राहिला. मी हात पुढे केला, तिने माझा हात बाजूला केला आणि परत भरलं. दिवा हिरवा झाला. नेट तिथेच चालू झालं होतं, तरी मैत्रिणींशी ती पायरीवर जाऊन बोलली, कारण डब्याची परीक्षा व्हायची होती आणि त्याआधी त्याच्यावर विसंबायला ती तयार नव्हती. परीक्षा शनिवारी झाली. सकाळी लाईट गेली, दुपारनंतर आली. मी कॉलेजमध्ये मोबाईल समोर ठेवून बसले होते. मेसेज आला नाही. त्याऐवजी ताईचा व्हिडिओ कॉल आला. ती घरात, पंख्याखाली, हातात आंब्याची फोड. कोणीही कोणाला फोन केला नव्हता. ताईने मला हिरवा दिवा दाखवला, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, आणि बाहेर रेंजची पायरी होती तिकडे हात झटकला.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला.

"झालं का ते?"

"झालं," मी म्हणाले. "लाईट आली आणि आपोआप लागलं. गाडी आणू नकोस."

"बरं. बघू." दादा म्हणाला. "त्याचा पासवर्ड तुझ्याकडे आहे ना? मलाही पाठवून ठेव. उगाच वेळेला शोधाशोध नको."

"माझ्याकडे नाही. तिच्याकडे आहे."

"म्हणजे? असं कसं? तिने तुला सांगितला नाही?" त्याच्या आवाजात तोच राग होता जो माझ्या मनात चार दिवस बसला होता, आणि तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला कसंतरीच झालं. "असं नाही चालणार. तू तिला विचार आणि मला कळव."

"तू विचार," मी म्हणाले. "ती घरीच आहे. नेट झकास चालू आहे. व्हिडिओ कॉल लाव आणि विचार."

 

"अगं, मी कसा विचारू?" दादा म्हणाला. "मला कुठे येतं तिच्याशी बोलायला? जेवलीस का, बरी आहेस का, एवढंच येतं मला."

"आणि तिला कायमची तुझ्या घरी न्यायला निघाला होतास?" मी विचारलं.